दोरी आणि वही

मोती काढायच्या होडीवर प्रत्येक पाणबुड्याच्या वाट्याला दोन दोऱ्या येत. एकीला दगड बांधलेला असे. त्यावर पाय रोवून पाणबुड्या सरळ तळ गाठी आणि दगड लगेच वर ओढून घेतला जाई. दुसरी दोरी त्याच्याबरोबर खाली राही. नाकाला चिमटा, गळ्यात जाळीची टोपली आणि छातीत भरून घेतलेला एक श्वास, एवढ्यावर तो मिनिटभर, फार तर दीड मिनिट शिंपले खुडत राही. श्वास सरत आला की दोरीला हिसका देई. होडीच्या कडेला उभा असलेला जोडीदार तो हिसका हाताला लागताच दोरी झपाझप ओढून त्याला वर आणी. बुडी मारणारा तो घैस आणि ओढणारा तो सैब. घैस पाण्याखाली असताना सैबला दुसरं कुठलंही काम नसे. त्याचे दोन्ही हात आणि सगळं लक्ष त्या एका दोरीवर. भाषा नाही, हुद्दा नाही, परवानगी नाही. तळाशी असलेल्या माणसाने ओढायचं आणि वरच्याने ऐकायचं. एका माणसाचा जीव दुसऱ्याच्या तळहाताला कळावा, यासाठी इतकी सोपी रचना क्वचितच कुणी केली असेल.

बहरीनमधलं मुहर्रक बेट हे या धंद्याचं एक मोठं केंद्र होतं आणि त्याच बेटाच्या वायव्येला बुसैतीन आहे. आज तिथे रुंद रस्ते, समुद्रात भर घालून काढलेल्या वसाहती, वैद्यकीय विद्यापीठ आणि मोठं रुग्णालय दिसतं. पूर्वी ते मासेमारी आणि मोत्यांवर जगणारं गाव होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश नोंदींनुसार एकट्या बहरीनच्या सुमारे ९०० होड्या आणि १७ हजारांवर माणसं या कामावर होती. हंगाम उन्हाळ्यातले चार महिने चाले. मोती मुंबईच्या बाजारात यायचे आणि तिथून तांदूळ, कापड, लाकूड तिकडे जायचं. व्यवहारातलं नाणंही आपला रुपयाच होता. होडीच्या प्रमुखाला नाखुदा म्हणत. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा हा याच फारसी शब्दाचा भाऊबंद. या मोत्यांच्या धंद्याची स्मृती जपणारं मुहर्रकमधलं स्थळ २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तिथल्या जुन्या वाड्यांकडे पाहताना धंद्याचं वैभव दिसतं. मला मात्र त्या धंद्यातल्या दोन साध्या वस्तू शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात: घैसची दोरी आणि नाखुदाची वही. कारण कुठलीही संस्था, मग ती होडी असो, कचेरी असो की दवाखाना, चांगली चालते की माणसांना भरडते, हे तिच्या नियमावलीपेक्षा अशा वस्तूंवरून लवकर कळतं. दोन माणसांच्या मध्ये काय ठेवलं आहे, त्याचं एक टोक कुणाच्या हातात आहे आणि दुसरं कुणाच्या, यावर संस्थेचा खरा आकार ठरतो. आणि हा आकार घडवता येतो.

हे म्हणण्यामागे एका तुलनेने तरुण विद्येचा आधार आहे. बिल मॉग्रिज हे ब्रिटिश डिझायनर. घडी घालता येणाऱ्या सुरुवातीच्या संगणकांपैकी एक, ग्रिड कंपास, त्यांनी घडवला आणि तो १९८२ मध्ये बाजारात आला. स्वतः तो वापरू लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, यंत्राच्या पेटीवर घेतलेली मेहनत काही मिनिटांत विस्मरणात जाते आणि माणूस गुंततो तो पडद्यावरच्या देवाणघेवाणीत. मी काही करतो, यंत्र काही उत्तर देतं, त्यावर मी पुन्हा काही करतो. ही देवाणघेवाणच घडवायला हवी, असं म्हणत त्यांनी आणि बिल व्हरप्लँक यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिला इंटरॅक्शन डिझाइन हे नाव दिलं. मुंबईच्या आयआयटीतलं १९६९ पासूनचं औद्योगिक अभिकल्प केंद्र आज हा विषय शिकवतं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वस्तूंवर लिहिताना या विद्येच्या मुळाशी असलेले दोन प्रश्न फार स्वच्छ मांडले. माझ्यासमोर जे आहे त्याच्याशी मला काय करता येईल, हे मला कळतं का? आणि मी जे केलं त्याचं पुढे काय झालं, हे मला कळतं का? लिफ्टचं बटण दाबल्यावर दिवा लागला नाही की आपण ते पुन्हा पुन्हा दाबतो. तिथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नसतं. बटणाला लावायचे हे प्रश्न कचेरीला, कारखान्याला, रुग्णालयाला का लावू नयेत? तिथेही माणूस काहीतरी करतो आणि उत्तराची वाट पाहतो. फरक इतकाच, की तिथे वाट पाहण्यात त्याचे महिने जातात.

दोरी या दोन्ही प्रश्नांच्या कसोटीला उतरते. काय करायचं हे पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही कळतं आणि केल्याचं फळ त्याच क्षणी मिळतं. त्याच होडीवरची आणखी एक पद्धत पाहण्याजोगी आहे. दिवसभराचे सगळे शिंपले एकाच ढिगात टाकले जात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या देखत, नाखुदाच्या नजरेखाली उघडले जात. कुणी आणलेल्या शिंपल्यात मोती निघाला हे कळायला मार्ग नसे. विकलेल्या मालातून खर्च वजा जाता उरलेल्याचे वाटे ठरलेले असत. घैसचा मोठा, सैबचा त्याहून लहान, मदतनिसाचा आणखी लहान. मोती मिळणं हा निव्वळ नशिबाचा भाग. तो एकेकट्याच्या नावावर लावला असता तर महिनाभरात होडीवर सुऱ्या निघाल्या असत्या. ढीग एक केल्याने नशीब सामाईक झालं आणि चोरीला जागा उरली नाही. ‘एकोप्याने राहा’ असं कुणाला सांगावं लागलं नाही. ढिगाने ते साधलं. संस्था घडवणं म्हणजे काय, याचं हे माझ्या दृष्टीने नमुनेदार उदाहरण आहे. उपदेश करण्याऐवजी कामाची मांडणी अशी करायची की, सरळ वागणं हीच सोपी वाट ठरावी.

आता वही. हंगामाआधी घैसला उचल मिळे, कारण चार महिने घर चालायला हवं. हंगाम नसताना हिवाळ्यात पुन्हा उचल मिळे. ही रक्कम नाखुदा देई, नाखुदाला व्यापारी देई, आणि सगळं नाखुदाच्या वहीत चढे. बहुतेक घैसांना वाचता येत नसे. आपल्या नावावर किती आहे, तांदळाचा भाव काय धरला, मागच्या हंगामातला वाटा वळता केला की नाही, हे त्याला वहीतून कळत नसे आणि कळलं तरी करता येण्यासारखं काही नसे. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या होडीवर जायचं नाही. जायचं तर जुन्या नाखुदाकडून बरवा नावाचा कागद आणायचा, ज्यावर बाकी लिहिलेली असे, आणि ती बाकी नव्या नाखुदाने अंगावर घ्यायची. बाप मेला तर कर्ज मुलाकडे येई. तंट्यासाठी मोत्यांच्या धंद्याचं वेगळं न्यायपीठ होतं, पण तिथे निवाडा देणारे त्याच धंद्यातले वजनदार लोक. दोरीच्या दोन टोकांना दोन माणसं होती. वहीच्या एकाच टोकाला माणूस होता. दुसऱ्या टोकाला फक्त अंगठा. एकाच होडीवर, त्याच माणसांमध्ये, जीव वाचवणारी एक रचना आणि जीव पिळणारी दुसरी रचना सुखाने नांदत होती. नाखुदा दुष्ट होते म्हणून असं झालं, हे उत्तर मला पटत नाही. तोच नाखुदा बुडणाऱ्या घैससाठी जिवाचं रान करत असणार. दोरीत त्याला दुसऱ्या टोकाचं माणूस लागत होतं, वहीत ते दिसतच नव्हतं.

मराठी वाचकाला ही वही ओळखीची वाटेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला चढवला आणि बघता बघता दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या त्या उठावाची एक गोष्ट विलक्षण होती. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि खतावण्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या, हा जवळपास सगळीकडचा क्रम. निरक्षर माणसाने आपल्यावर अन्याय नेमका कशातून होतो हे अचूक ओळखलं होतं. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावपातळीवरच्या निबंधकासमोर व्हावा. फेडीची पावती मिळण्याचा, वर्षाला हिशेबाचा उतारा मागण्याचा, पासबुकात नोंदी करून घेण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा, अशा तरतुदी त्यात होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर कायद्याने वहीला दुसरं टोक जोडून दिलं. पासबुक ही आपल्याला इतकी मामुली वस्तू वाटते की, ती कुणीतरी लढून मिळवलेली रचना आहे हे विसरायला होतं.

बहरीनमध्ये हेच वळण १९२० च्या दशकात आलं. ब्रिटिश पोलिटिकल एजंट मेजर डेली यांच्या काळात सुधारणा सुरू झाल्या आणि १९२६ पासून शेखांचे सल्लागार असलेल्या चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी त्या पुढे नेल्या. हिशेब नीट ठेवले जावेत, प्रत्येक घैसच्या हाती त्याची स्वतःची वही असावी, बापाचं कर्ज मुलाच्या माथी मारू नये, उचल किती द्यायची त्याला सरकारने मर्यादा घालावी, असं त्यांचं स्वरूप होतं. कागदावर पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. तरीही घैसांनी १९२६ मध्ये दंगा केला, आणि १९३२ मध्ये, मंदीने मोत्यांचा बाजार कोसळून उचल आकसलेली असताना, मुहर्रकचे पाणबुडे अटकेतल्या सोबत्याला सोडवायला राजधानी मनामात जाऊन पोलिसांवर धडकले. ज्यांच्या भल्यासाठी सुधारणा होती त्यांनीच तिच्याविरुद्ध हात उगारला, म्हणून त्यांना अडाणी ठरवणं सोपं होतं आणि तसं ठरवलंही गेलं. मला यात सगळ्यात मोठा धडा दिसतो. संपूर्ण व्यवहारात घैसला दिसणारी, हातात घेता येणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे उचल. तीच हिवाळ्यातला तांदूळ होती. वही वाचता येत नसलेल्या माणसाच्या दृष्टीने कर्ज ही अदृश्य गोष्ट आणि उचल ही पदरात पडणारी. सुधारकांनी अदृश्य बाजू नीट केली आणि दिसणारी बाजू कापली, आणि हे करताना ज्याच्या हातात दुसरं टोक द्यायचं होतं त्याला विचारलं नाही. नॉर्मन यांच्या दोन प्रश्नांना म्हणून मी तिसरा जोडतो: ही देवाणघेवाण ठरवताना दोन्ही टोकांची माणसं होती का?

दोरीचा धागा पुढे कुठे गेला ते पाहायचं तर थोडं जपानकडे वळावं लागेल. साकिची टोयोडा यांनी असा यंत्रमाग घडवला की, सूत तुटलं की माग आपोआप थांबे. इचलकरंजी किंवा मालेगावच्या माणसाला याचं मोल समजावून सांगायला नको. तुटलेल्या सुतावर चालत राहिलेला माग वारभर कापड नासवतो. त्यांच्या मुलाने सुरू केलेल्या मोटारींच्या कारखान्यात हाच विचार माणसांपर्यंत आला. जोडणीच्या पट्ट्याशेजारून एक दोरी गेलेली असे. चूक दिसली की कुठल्याही कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि ठरलेल्या अवधीत अडचण सुटली नाही तर पट्टा थांबतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना भांडणं, गैरहजेरी आणि सदोष गाड्यांसाठी बदनाम होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला तेव्हा कामावर बहुतांश तीच माणसं होती, संघटनाही तीच. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा अमेरिकेतल्या उत्तम कारखान्यांच्या बरोबरीला गेला. माणसं वाईट होती, ही समजूत त्यामुळे टिकली नाही. ओढायला दोरी नव्हती, आणि ओढली तर धावून येणारं कुणी नव्हतं. यातलं दुसरं अधिक महत्त्वाचं आहे. नुसती दोरी टांगून भागत नाही. सैबचं काम काय होतं ते आठवावं: घैस पाण्यात असताना त्याला दुसरं काम नव्हतं. आपल्याकडे तक्रारपेट्या भिंतीभिंतीवर आहेत. त्यांच्या दुसऱ्या टोकाला सैब नाही.

बुसैतीनमध्ये आज होड्यांच्या जागी किंग हमद युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे, २०१२ मध्ये सुरू झालेलं. त्याला लागूनच आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचं बहरीनमधलं वैद्यकीय विद्यापीठ. त्याची स्थापना २००४ ची, आणि मूळ डब्लिनची संस्था १७८४ पासूनची. बहरीनची लोकसंख्या १५ लाखांवर आणि त्यातली निम्म्याहून अधिक माणसं परदेशी. अशा देशातल्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी आणि रुग्ण हे पाच भाषांतून आलेले असणं ही रोजची गोष्ट. रुग्णालय हे माणसांच्या हस्तांतराचं यंत्र आहे. तपासणीतून वॉर्डात, वॉर्डातून शस्त्रक्रियागृहात, एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे; आणि प्रत्येक वेळी रुग्णाबरोबर त्याची माहितीही सोपवली जायला हवी. माहिती अर्धी राहिली की माणूस दगावू शकतो. म्हणून संस्थेच्या रचनेचा विचार जगभर सगळ्यात गंभीरपणे कुठे झाला असेल तर तो शस्त्रक्रियागृहाच्या दारात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक पानभर तपासयादी तयार केली. तिच्यात वैद्यकशास्त्राचं नवं ज्ञान काही नाही. रुग्ण हाच का, जागा हीच का, ॲलर्जी आहे का, प्रतिजैविक दिलं का, बोळे आणि सुया मोजल्या का, असे प्रश्न आहेत, आणि ते ठरलेल्या तीन क्षणी मोठ्याने विचारायचे आहेत. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ती वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर. एका कागदाने हे साधावं याचं अप्रूप वाटलं तर त्यात नवल नाही. पण पाच वर्षांनी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने थंड पाण्याचा हबका मारला. तिथल्या १०१ रुग्णालयांत यादी लागू होण्याआधीची आणि नंतरची आकडेवारी तपासली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर काहीच फरक नाही. कागद तोच होता.

या विद्येवर शंका घेणारे नेमकं इकडेच बोट दाखवतात. फॉर्म बदलून संस्था बदलत नाही, ते म्हणतात. लोक खुणा करून मोकळे होतात. आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. पण तो रचनेच्या विरोधात जात नाही, कागद म्हणजेच रचना या समजुतीच्या विरोधात जातो. आठ रुग्णालयांत यादी आली ती तिथल्या माणसांच्या चर्चेतून, शिकवणीतून, स्थानिक फेरफारांसह. ऑन्टारिओत ती प्रांतभर लागू करायची गोष्ट म्हणून आली. सक्तीने आलेली यादी अनेक ठिकाणी नुसती भरली गेली असणार, असा अर्थ अनेक जाणकारांनी लावला आणि मला तो पटतो. यादीत एक ओळ अशी आहे की, चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. वरवर ती औपचारिक वाटते. पण ज्या शिकाऊ परिचारिकेने एकदा आपलं नाव मोठ्याने उच्चारलं, तिला दहा मिनिटांनी ‘डॉक्टर, एक बोळा कमी भरतोय’ हे म्हणणं सोपं जातं. ती ओळ म्हणजे दोरी आहे. तिच्यावर खूण करून पुढे गेलं तर दोरी कापल्यासारखीच.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. हा सगळा सत्तेचा प्रश्न आहे, रचनेच्या गोष्टी करणं म्हणजे त्यावर पांघरूण घालणं, असं कामगार चळवळीतली माणसं म्हणतील, आणि इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. १८७९ च्या कायद्यानंतर कित्येक सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे पासबुकाचा प्रश्नच मिटला. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये मांडलेलं ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ ही देखील कामाची रचनाच होती, आणि तिने कामगाराच्या हातातला निर्णय काढून घड्याळ धरून उभ्या असलेल्या साहेबाकडे दिला. तेव्हा रचना आपोआप माणसाच्या बाजूची असते असा भाबडा दावा मी करणार नाही. माझं म्हणणं असं की, सत्ता हवेत तरंगत नाही. ती नेहमी कशात तरी बसलेली असते: वहीत, परवान्यात, खिडकीच्या उंचीत, सहीच्या रकान्यात. तिला हात घालायचा तर तिथेच घालावा लागतो. सुप्याच्या शेतकऱ्यांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी माणसं मारली नाहीत, कागद जाळले.

आखातात नोकरी केलेल्या किंवा घरातलं कुणी तिकडे असलेल्या मराठी माणसाला हे समजायला इतिहास वाचावा लागत नाही. मालकाने सोडल्याचं पत्र दिल्याशिवाय दुसरीकडे काम धरता येत नसे, ती प्रायोजक पद्धत बरव्याच्या कागदाचीच वारस म्हणावी लागेल. बहरीनने २००६ च्या कायद्याने कामगार बाजाराचं नियमन करणारं प्राधिकरण उभं केलं आणि २००९ मध्ये मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. आखाती देशांत हे पाऊल लवकर टाकलेलं होतं. २०११ मध्ये त्यावर एका मालकाकडे किमान वर्षभर काम केल्याची अट आली. २०१७ मध्ये कुठल्याही मालकाशिवाय स्वतःच्या नावावर घेता येणारा परवाना सुरू झाला आणि २०२२ मध्ये तो बंद करून दुसरी नोंदणी पद्धत आणली गेली. पकड सैल झाली, आवळली, पुन्हा सैल झाली, पुन्हा बदलली. यात प्रत्येक वेळी पगाराचा आकडा बदलला नाही. बदललं ते एवढंच, की कागदाचं दुसरं टोक कुणाच्या हातात. आणि तेवढ्याने एका माणसाचं मालकासमोर उभं राहणं बदलतं.

आपल्याकडून आणखी एक आक्षेप हमखास येईल, तो ओळखीचा. आमच्या कचेऱ्या माणसांवर चालतात, यंत्रणेवर नाही. एखादा कारकून सहृदय असला की काम होतं, तिथे या रचना कोरड्या पडतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याबद्दल मला आदरही आहे, कारण सहृदय कारकुनांनी या राज्यातल्या असंख्य निराधार बायकांचं पेन्शन मार्गी लावलेलं आहे. पण ज्याची ओळख नाही त्याचं काय? महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अर्जाची पोच, त्यावर क्रमांक, काम होण्याची मुदत आणि मुदत टळली तर अपील कुणाकडे करायचं, हे ठरवून दिलं. जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीत पाचव्यांदा आलेल्या बापाला त्या पोचपावतीने किमान दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ केलं: मी जे केलं त्याचं पुढे काय झालं. चांगला कारकून या पावतीने लहान होत नाही. उलट त्याच्या चांगुलपणावर रांगेतल्या प्रत्येकाचं नशीब टांगलेलं राहत नाही, आणि त्यालाही संध्याकाळी घरी जाता येतं. होडीवरचा सैब प्रेमळ होता की तापट, याने घैसचं वर येणं ठरत नव्हतं.

ठरवताना दोन्ही टोकांची माणसं होती का, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बहरीनला बराच काळ लागला. १९३२ च्या दंग्यानंतर काही दिवसांतच जबल दुखानच्या विहिरीला तेल लागलं. जपानच्या कृत्रिम मोत्यांनी आणि मंदीने मोडत आणलेला धंदा सोडून घैस आणि सैब हळूहळू तेल कंपनीच्या फाटकाशी उभे राहिले. तिथे उचल नव्हती, मजुरी होती. पण तिथल्याही नियमांवर त्यांचं नाव कुठे नव्हतं. १९३८ मध्ये निदर्शनं झाली, १९५४ नंतर संप झाले. मग कामगार कायद्याचा मसुदा करायला समिती बसली तिच्यात सरकार आणि मालकांच्या बरोबरीने कामगारांचेही प्रतिनिधी होते, आणि १९५७ मध्ये कायदा आला. मसुद्यातल्या कलमांवर ते तासन्‌तास भांडले असणार. त्यांतल्या काहींचे बाप अंगठा उठवून होडीवर चढले होते.